राखीव गोलरक्षकाचे मन

मागच्या महिन्यात एका वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही रक्तदाब तपासायला बसलो होतो. रांगेतल्या एका ताईंनी दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "माझं बीपी राहू द्या. माझं पोरगं चार महिने झाले धड जेवत नाही, धड बोलत नाही. त्याला काय झालंय ते सांगा."

पोरगं बावीस वर्षांचं. हॉकी खेळतं. गोलकीपर आहे, पण दुसऱ्या नंबरचा. चार वर्षे झाली, संघात नाव असते, बॅग भरून जातो, पण मैदानात उतरतो पहिल्या नंबरचा मुलगा. ताईंनी एका वाक्यात सगळे सांगितले, "मॅचला जातो आणि किट कोरडंच घेऊन परत येतो."

त्या कोरड्या किटविषयी हा धडा आहे. हॉकी खेळणारी मुले आपल्या प्रत्येक घरात नाहीत. पण वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत असलेला भरतीचा उमेदवार, कायम होण्याची वाट पाहणारा कंत्राटी कामगार, एकेका गुणाने परीक्षा हुकलेली मुलगी, अशी माणसे प्रत्येक घरात आहेत. मेहनत चालू आहे, वय वाढत आहे आणि पाऊल जागच्या जागी आहे. या अवस्थेचा मनावर आणि शरीरावर काय परिणाम होतो, घरच्यांनी काय करावे, हे आपण गोलरक्षकाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

आपल्या शहरातली हॉकी

पुण्याला हॉकी नवी नाही. धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीत झाला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतल्या मैदानाची देखभाल करायचे. भाऊ मोडक्या स्टिकने खेळत मोठे झाले. पुढे धनराज चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताला ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना आणि संघातल्या इतर काही खेळाडूंना वगळण्यात आले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, म्हणजे त्यांच्या शेवटच्या ऑलिंपिकमध्ये, त्यांना बराच वेळ बाकावर बसावे लागले.

हे सांगण्याचे कारण एवढेच की बाकावर बसण्याची वेळ सगळ्यात मोठ्या खेळाडूवरही येते. बाकावर बसलेला मुलगा कमी दर्जाचा असतो, हा समज पहिल्यांदा मनातून काढून टाकावा.

गोलरक्षकाची जागा वेगळी का?

हॉकीत मैदानावर ११ खेळाडू असतात. मोठ्या स्पर्धांत संघ साधारण १८ जणांचा असतो आणि त्यात दोन गोलरक्षक असतात. बाकीच्या खेळाडूंची अदलाबदल सामना चालू असताना सतत होत राहते. जो पहिल्या अकरात नाही तोही पाच-सात मिनिटांनी आत जातो, धावतो, घाम गाळतो, एखादा पास देतो. संध्याकाळी त्याला वाटते, मीही खेळलो.

गोलरक्षकाचे तसे नाही. पहिला गोलरक्षक जखमी झाला किंवा फारच वाईट खेळला तरच दुसऱ्याची वेळ येते. म्हणजे आपल्याला संधी मिळायची तर आपल्याच सोबत्याचे काहीतरी वाईट व्हावे लागते. हा विचार मनात येतो आणि येताच मुलाला स्वतःची लाज वाटते. तो हे कुणाला सांगत नाही. आतल्या आत राग आणि अपराधीपणा एकत्र साठत जातात.

ऑलिंपिकमध्ये तर संघ १६ जणांचाच असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने एकच गोलरक्षक घेतला, पी. आर. श्रीजेश. दुसरे गोलरक्षक कृष्ण बहादूर पाठक राखीव यादीत होते. भारताने स्पेनला २-१ ने हरवून कांस्यपदक मिळवले आणि श्रीजेश निवृत्त झाले. पाठक २०१८ पासून भारतीय संघात होते. एका माणसाच्या निवृत्तीपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, अशी ही जागा आहे.

खुद्द श्रीजेश यांनीही वाट पाहिली आहे. ते २००६ मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळले, पण संघातली जागा पक्की व्हायला २०११ उजाडले. मधल्या काळात मुंबईचे एड्रियन डिसोझा आणि भरत छेत्री हे गोलरक्षक त्यांच्या पुढे होते.

महाराष्ट्राचे दोन गोलरक्षक

आता आपल्या राज्यातली दोन उदाहरणे पाहू. २०१७ मध्ये अझलन शाह स्पर्धेत श्रीजेश यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ते कित्येक महिने बाहेर राहिले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ढाक्याला आशिया चषक झाला. भारताचे दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे होते, यवतमाळचे आकाश चिकटे आणि मुंबईचे सुरज करकेरा. अंतिम सामन्यात भारताने मलेशियाला २-१ ने हरवून चषक जिंकला.

डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीगची अंतिम फेरी झाली. उपांत्यपूर्व सामन्यात समोर बेल्जियम, रिओ ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता संघ. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. शूटआऊटमध्ये आकाश चिकटे गोलपुढे उभे राहिले आणि भारताने ३-२ ने बाजी मारली. इतकी वर्षे राखीव राहिलेल्या माणसावर एका संध्याकाळी सगळा भार आला आणि त्याने तो पेलला. बाकावर असताना सराव सोडला असता तर ही संध्याकाळ आली नसती.

चिकटे यांच्या कहाणीचा पुढचा भाग दुःखाचा आहे. २०१८ मध्ये त्यांच्या चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला आणि त्यांच्यावर २ वर्षांची बंदी आली. त्याविषयी पुढे स्वतंत्र बोलू.

सुरज करकेरा यांची वाट वेगळी. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ते श्रीजेश यांच्यासोबत दुसरे गोलरक्षक होते. त्यानंतर दुसरी जागा कृष्ण पाठक यांच्याकडे गेली आणि मोठ्या स्पर्धांच्या यादीतून करकेरा यांचे नाव दिसेनासे झाले. २०२२ च्या आशिया चषकात ते परत आले. २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला आशिया चषक झाला, तेव्हा भारताच्या संघात पाठक आणि करकेरा हे दोन गोलरक्षक होते आणि भारताने चषक जिंकला. ढाक्याच्या विजयाला तोपर्यंत आठ वर्षे होत आली होती. करकेरा तिशीला टेकले होते.

यातून "थांबा, फळ मिळेलच" असा उपदेश आम्ही काढत नाही. थांबूनही फळ न मिळालेले खेळाडू कितीतरी आहेत, त्यांची नावे कुणाला माहीत नसतात. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की वाट पाहण्याच्या काळात तब्येत, सराव आणि पोटापाण्याची सोय टिकवली तर संधी आली तरी माणूस उभा राहतो आणि नाही आली तरी कोसळत नाही.

वैताग आणि नैराश्य यातला फरक

निवड झाली नाही म्हणून दोन-चार दिवस चिडचिड होणे, रडू येणे, कुणाशी बोलावेसे न वाटणे हा आजार नाही. दुःख झाले म्हणून दुःख वाटते. असा माणूस आवडीच्या गाण्याला मान डोलावतो, लहान भाचीशी खेळतो, मित्र आले की हसतो.

नैराश्याचा आजार वेगळा. पुढील लक्षणांपैकी बरीचशी रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे किंवा जास्त टिकली तर तो आजार असू शकतो.

१. सतत उदास वाटणे, किंवा काहीच न वाटणे.
२. आवडीच्या गोष्टींतला रस जाणे. ज्या स्टिकला कुणी हात लावलेला चालत नव्हता ती कोपऱ्यात धूळ खात पडणे.
३. झोप न लागणे, पहाटे तीनला जाग येणे, किंवा दिवसभर झोपून राहणे.
४. भूक मरणे किंवा एकाएकी फार वाढणे.
५. थोड्या कामानेही थकून जाणे.
६. लक्ष न लागणे, साधा निर्णय न घेता येणे.
७. "मी काही कामाचा नाही, घरावर ओझं आहे" असे वारंवार म्हणणे.
८. मरणाचा विचार मनात येणे.

तरुण मुलांमध्ये उदासी पुष्कळदा रागाच्या रूपात दिसते. दार आपटणे, आईवर ओरडणे, रात्री उशिरा येणे, दारू किंवा गुटख्याकडे वळणे. घरचे म्हणतात, पोरगा बिघडला. तो बिघडला आहे की आजारी आहे, हे एकदा तपासून घ्यावे.

आधी शरीर तपासा

थकवा आणि उदासी यांची काही कारणे शरीरातही असतात. म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे. हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यामुळेही माणूस मलूल होतो. ज्या कुटुंबांचे मूळ विदर्भात आहे त्यांनी सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी. आपल्या समाजात तो आजार आढळतो. सिकलसेल असलेल्यांनी किंवा त्याचे वाहक असलेल्यांनी उन्हातला जोरदार सराव डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाणी पिऊनच करावा.

गोलरक्षकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हॉकीचा चेंडू कडक असतो आणि पेनल्टी कॉर्नरवर तो ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो. हेल्मेट असले तरी डोक्याला बसलेल्या माराने मेंदूला धक्का पोहोचतो. त्यानंतर डोकेदुखी, चक्कर, उजेड सहन न होणे, चिडचिड, झोप बिघडणे, लक्ष न लागणे असे त्रास दिवसेंदिवस राहू शकतात आणि ते नैराश्यासारखेच दिसतात. राखीव गोलरक्षकाला सामना मिळत नाही, पण सरावात सगळ्यांचे फटके तोच झेलतो. म्हणून "डोक्याला लागलं होतं का?" हा प्रश्न जरूर विचारा. डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी पुन्हा खेळू नये. उलटी होत असेल, बोलणे अडखळत असेल, डोकेदुखी वाढत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

जेवणाबाबत महागड्या डब्यांच्या मागे लागू नये. दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, वरण, सोयाबीनची वडी, जमेल तेव्हा सुकट-बोंबील किंवा कलेजी, एवढ्याने खेळाडूचे भागते. जड किटमध्ये घाम फार जातो, म्हणून सरावाच्या वेळी पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून घोट घोट प्यावे. झोप सात-आठ तास हवी. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री टीव्ही चालू, सकाळी नळाची गडबड, अशा वेळी झोप मिळणे कठीण असते. पण दहानंतर टीव्ही बंद आणि मुलाचा मोबाईल उशापासून दूर, एवढे घराने ठरवले तरी फरक पडतो.

अन्याय होत असेल तर?

आमच्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल. मुलाला जाणूनबुजून मागे ठेवले जात असेल तर? मनाचे डॉक्टर त्याला काय करणार?

प्रश्न रास्त आहे आणि पुण्याचा इतिहासच त्याला साक्षी आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात युरोपियन लोकांच्या जिमखान्यावर ते महिना ४ रुपयांवर मैदानाचे काम करत. साहेबांना सराव देण्यासाठी तासन् तास गोलंदाजी करत, पण फलंदाजीची संधी त्यांना क्वचितच मिळाली. पुढे पुण्याच्या हिंदू संघात आले तेव्हा मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, मात्र चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर त्या संघाचे कर्णधार झाले.

बाळूंची खंत हा मनाचा आजार नव्हता. ती अन्यायाची खरी नोंद होती. म्हणून मुलगा "मला मुद्दाम डावललं" म्हणतो तेव्हा "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून त्याला गप्प करू नका. दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिली, नियम सगळ्यांना सारखा लावला जातो का? निवड चाचणी झाली का? चाचणीत कोणाचे काय झाले? हे तारखांसह वहीत लिहा. जातीवरून बोलले गेले असेल तर कोण, कधी, कोणासमोर बोलले तेही लिहा. मग एकट्याने भांडू नका. वस्तीतले जाणकार आणि वकील यांना सोबत घ्या. पालवणकर भाऊ एकत्र उभे राहिले, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, अन्याय खरा असला तरी त्याने शरीरमनाला झालेली इजा भरून काढावीच लागते. लढायला झोप लागते, भूक लागते, शांत डोके लागते. उपचार घेणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे.

आणि नोंदी पाहून असेही निघू शकते की समोरचा मुलगा आज खरोखरच चांगला खेळतो. तेही स्वीकारता आले पाहिजे. त्यात अपमान नाही.

खेळाडूने काय करावे?

कोचशी एकदा नीट बोलावे. सामन्याच्या दिवशी नको, सरावानंतर शांत वेळी. "मला का घेत नाही?" असे विचारले की वाद होतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. सर, माझ्यात नेमकं काय कमी आहे? ते भरून काढायला मी काय करू? पुन्हा कधी तपासाल? कोचचे उत्तर लिहून ठेवावे. उत्तरच मिळत नसेल तर तेही एक उत्तर आहे.

आपली मोजपट्टी आपल्या हातात ठेवावी. निवड आपल्या हातात नाही, पण आज सरावात ३० फटक्यांपैकी किती अडवले, डाव्या पायाकडचे किती सुटले, हे आपल्या हातात आहे. रोज वहीत आकडे लिहावेत. महिन्याने मागे वळून पाहिले की आपण जागच्या जागी आहोत की पुढे सरकलो, हे दिसते.

सामने शोधावेत. मोठ्या संघात बाकावर बसून चार वर्षे काढण्यापेक्षा लहान संघात दर रविवारी खेळणे पुष्कळदा बरे असते. गोलरक्षक खेळूनच तयार होतो. भुवनेश्वरच्याच स्पर्धेतली एक गोष्ट सांगतो. १० डिसेंबर २०१७ रोजी कांस्यपदकाच्या सामन्यात भारतासमोर जर्मनी होती. आजारपणामुळे त्यांच्याकडे खेळाडूच उरले नव्हते. तेव्हा त्यांचे राखीव गोलरक्षक मार्क अपेल पॅड काढून आघाडीला खेळले आणि जर्मनीचा एकमेव गोल त्यांनीच केला. सामना भारताने २-१ ने जिंकला, पण राखीव माणसाने आपली उपयोगिता एकाच कामापुरती ठेवू नये, हे अपेल यांनी दाखवले.

दुसरी वाट आजच चालू ठेवावी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठराविक स्पर्धांतली कामगिरी आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, त्याच्या प्रती काढाव्यात आणि कोणती स्पर्धा ग्राह्य धरतात हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे. पंच होता येते. शिक्षण अर्धवट राहिले असेल तर मुक्त विद्यापीठातून पूर्ण करता येते.

शेवटी, स्वतःशी एक तारीख ठरवावी. "पुढच्या वर्षीच्या अमुक महिन्यापर्यंत पूर्ण ताकदीने प्रयत्न करीन, मग घरच्यांबरोबर बसून पुन्हा विचार करीन." अंत नसलेली वाट माणसाला पोखरते. तारीख असलेली वाट सहन होते.

विहारात आनापान शिकलेल्यांनी रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. मन थोडे स्थिर होते. मात्र आजार असेल तर ध्यान हा उपचाराला जोड आहे, त्याच्या जागी नाही.

घरच्यांनी काय करावे?

"किती दिवस खेळणार?", "शेजारचा बघ, पगार आणतो", "तुझ्या नशिबातच नाही" ही वाक्ये बंद करावीत. घरात पैशाची ओढ असते, आईची चार घरची कामे चालू असतात, हे खरे आहे. ते मुलालाही माहीत असते. टोमण्याने तो पगार आणायला लागत नाही, फक्त घरी उशिरा यायला लागतो.

त्याऐवजी विचारावे, "आज सरावाला कसं झालं?" हा प्रश्न विचारायला हॉकी कळावी लागत नाही. कधीतरी सराव बघायला जावे. सामन्यात तो दिसणार नाही, सरावात दिसेल. घरातली लहानमोठी जबाबदारी त्याच्यावर सोपवावी, म्हणजे खेळापलीकडेही आपली गरज आहे हे त्याला जाणवते. पैशाचे बोलायचे असेल तर सगळ्यांनी बसून, आकडे मांडून, एकदाच बोलावे. रोज ताटावर नको.

मरणाची भाषा ऐकू आली तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. औषधे, कीटकनाशक, दोर हाताशी राहणार नाही असे पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

इंजेक्शन आणि पावडरपासून सावध

रखडलेल्या खेळाडूला झटपट ताकदीचे आमिष लवकर दाखवता येते. व्यायामशाळेतला कुणीतरी म्हणतो, एक कोर्स घे, महिन्यात फरक दिसेल. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने यकृत आणि हृदयावर परिणाम होतो, रक्तदाब वाढतो, पुरुषांत वीर्य तयार होणे कमी होते आणि कोर्स थांबवल्यावर गडद उदासी येते. म्हणजे जी उदासी घालवायला घेतले तीच वाढते.

खेळाडूसाठी आणखी एक धोका. उत्तेजकविरोधी नियमाप्रमाणे शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. "मला माहीत नव्हतं" म्हटल्याने तो सुटत नाही. दुखापतीसाठी घेतलेल्या औषधात किंवा खुल्या पावडरच्या डब्यातही बंदी असलेला पदार्थ असू शकतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे, "मी खेळाडू आहे, माझी चाचणी होते." औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी. बंदी असलेले औषध आजारासाठी खरेच लागत असेल तर आधी अर्ज करून सवलत घेता येते.

मदत कुठे मिळते?

टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येते. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभागात तपासतात. येरवड्याचे नाव ऐकून दचकू नका. तिथे तपासायला गेलेला प्रत्येक जण भरती होत नाही, बहुतेक जण औषध घेऊन घरी येतात. जीवाला धोका असेल तर १०८ ला फोन करा.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नयेत आणि बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने सोडू नयेत. या गोळ्यांची नशा लागत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय मात्र लागते.

सुरुवातीला सांगितलेल्या ताई पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आल्या. तो खाली मान घालून बसला होता. आम्ही त्याला विचारले, डोक्याला कधी लागलं होतं का? त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "उन्हाळ्यात लागलं होतं. घरी सांगितलं नाही, खेळ बंद करतील म्हणून." तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन कमी निघाले. मानसोपचार विभागातही तो दोनदा जाऊन आला. अजून तो दुसऱ्या नंबरचाच गोलकीपर आहे. पण रविवारी सकाळी वस्तीजवळच्या मैदानावर लहान मुलांना गोल अडवायला शिकवतो. परवा ताई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता किट घामानं ओलं येतं. धुवायला मलाच लागतं, पण चालतंय."

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा गल्लीत बराच काळ वाट पाहत असलेले कोण आहे? त्याच्याशी आपण शेवटचे कधी नीट बोललो?
२. वैताग आणि नैराश्याचा आजार यातला फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. अन्यायाची नोंद कशी ठेवावी? आपल्या वस्तीत त्यासाठी कोण मदत करू शकेल?
४. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहिला आहे का? नसेल तर आज कोण लिहील?